हिरवी पोचपावती

ॲश्टाब्युला हार्बर,
रविवार, ८ मे १९८३

ती. लेम्पीआत्यास,
तैमीचा सा. न. वि. वि.

तुझं डुलूथहून टाकलेलं कार्ड मिळालं. पुलाचं चित्र छान आहे. मी ते मोरीवर टाचून ठेवलंय. बाबा म्हणाले, पूल आपल्याकडे पण आहे, त्याचं कार्ड कुणी काढत नाही.

बाबांची तब्येत बरी आहे, म्हणजे होती तशीच. पाठ सकाळी धरते, दुपारी सुटते. खिडकीत बसून जहाजं मोजतात. मागच्या आठवड्यात दोनच आली. धक्का एवढा शांत आहे की पक्षी कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर बसतात, कामावर असताना ज्याच्यावरून बाबा पडले त्याच पट्ट्यावर. टपालाला ते अजून हात लावत नाहीत. आलं की पावाच्या डब्यात टाक म्हणतात.

बेकरीत मी आता पुल्ल्याच्या गोड पावाच्या वेण्या घालते. सुंडबर्गकाकू म्हणतात, माझ्या सगळ्या वेण्या एका आईच्या लेकी वाटतात. एकदा त्यांनी मला पुढे गल्ल्यावर उभं केलं होतं. एका माणसाने डझनभर पाव मागितले, मी दिले, लाल झाले आणि पैसेच घ्यायला विसरले. तो बिचारा परत येऊन देऊन गेला. तेव्हापासून मी आत भट्टीपाशीच. तिथे कुणी काही विचारत नाही, फार बरं वाटतं.

एक विचारायचं होतं. बेकरीत एक मुलगी आहे. तिच्या घरी कोर्टाचं रजिस्टर पत्र आलं, पोस्टमनच्या हिरव्या पोचपावतीवर तिने सही केली आणि पत्र घरात कुणाला दिलंच नाही. पाकीट अजून बंद आहे. तर हा गुन्हा होतो का, आणि पाकीट बंदच राहिलं तर आतलं जे असेल ते सुरू होतं का? तू पुष्कळ जग बघितलंयस म्हणून विचारते. तिला मी सांगेन.

थंडीत डेकवर उघड्या डोक्याने जाऊ नकोस. कळावं, माया आहे तशी राहू दे.

तुझी,
तैमी

---

ह्युरॉन सरोवर, जहाजावरून,
१३ मे १९८३

चि. तैमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आत्ताच हातात पडलं. डेट्रॉइटला पत्रांची होडी आमच्या कुशीला लागली, आणि पोरांनी दोरीला बांधलेल्या बादलीतून टपाल वर ओढलं. त्याच बादलीत कुणाच्या तरी बायकोने मोजे पाठवलेले, ते तुझ्या पत्रावर बसून आले. वास घेऊन बघ म्हणजे कळेल.

इकडे ठीक. अठ्ठावीस माणसांना तीन वेळा जेवायला घालते. नवा इंजिनिअर माझ्या वाटाण्याच्या सूपला नावं ठेवतो आणि तीन वाट्या पितो. मी त्याला म्हटलं, चौथी वाटी मागितलीस तर कौतुक करूनच मागायची.

आता त्या बेकरीतल्या मुलीचं. तिचं नाव काय ते मी विचारत नाही, तिला माझी आण घाल आणि सांग, पाकीट फोड. आजच्या आज. बंद पाकीट म्हणजे काही झाकलेलं पातेलं नव्हे, की झाकण काढलं नाही तर नासत नाही. आतलं कसंही नासतंच. आणि त्या मुलीला हेही सांग की तिची आत्या रागावणार नाही. म्हणजे तिला आत्या असली तर.

तिच्या वडिलांच्या घराचं काही आहे का त्यात, तेवढं मला ताबडतोब कळव. क्लीव्हलँडच्या पत्त्यावर लिही, तिथे आम्ही माल उतरवतो. या हंगामात आमचं जहाज तुमच्या धक्क्याला लागतच नाही. बरंच आहे म्हणा.

दादाला माझा नमस्कार सांग. सांगितलाच पाहिजे असं नाही.

लोभ आहेच, तो मागायची गरज पडू नये.

तुझी,
लेम्पीआत्या

---

ॲश्टाब्युला हार्बर,
मंगळवार, १७ मे १९८३

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

ती मुलगी मीच. तुला कळलंच होतं.

तीन तारखेला पोस्टमन आला तेव्हा रेडिओवर बेसबॉलची मॅच चालू होती आणि बाबा हसले. नुसते हसले नाहीत, मांडीवर थाप मारून हसले. हिवाळ्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. पोस्टमन म्हणाला, घरातलं कुणीही मोठं चालेल, सही कर. मी केली. पाकिटावर कोर्टाचा शिक्का होता. आता हे आत नेलं की ते हसू गेलंच, एवढंच डोक्यात आलं. मग पाकीट पिठाच्या पिंपात खाली घातलं.

काल फोडलं. बँकेने आपल्या घरावर दावा लावलाय. तेरा महिन्यांचे हप्ते थकलेत. पैसे भरा नाहीतर घर विकून वसूल करू, शेरीफ लिलाव करेल, असं आहे. अठ्ठावीस दिवसांत कोर्टात आपलं म्हणणं दिलं नाही तर एकतर्फी निकाल. काल फोडलं म्हणजे कालपासून अठ्ठावीस, तेव्हा जूनचा मध्य येईल ना? आणि कर्ज एक नाही, दोन आहेत. दुसरं चार वर्षांपूर्वीचं. बाबांनी ते कशाला काढलं मला माहीत नाही.

अजून एक आहे, ते लिहायला हात धजत नाही. गेल्या गुरुवारी एक माणूस दारात आला. क्रीम रंगाचा सूट, केसांना तेल. बाबा डॉक्टरकडे गेलेले. त्याला सगळं आधीच ठाऊक होतं, कोर्टाच्या यादीत नावं असतात म्हणाला. म्हणाला की वकील म्हणजे पैशाचा चुराडा, आमची कंपनी बँकेशी परस्पर बोलते, घर वाचतं, बाबांना तर कळणारही नाही. फक्त एका कागदावर त्यांची एक सही, ती दुसऱ्या कागदांत घालून घे. सुरुवातीचे साठ डॉलर. आत्या, तो इतकं बोलत होता की मला काही बोलावंच लागलं नाही. नुसती मान हलवली की चालत होतं. मी कॉफीच्या डब्यातले साठ काढून दिले. त्याने पावती दिली नाही. मी मागितली नाही. तो कागद माझ्याकडे आहे. सही मी अजून घेतलेली नाही, पण तो पुढच्या आठवड्यात येणार आहे.

बेकरीत घातलेल्या वेण्या मी उसकटून परत घालते. बाबा मला म्हणतात, तू फार काम करतेस पोरी. ते असं म्हणाले की मी उठून भांडी घासायला लागते.

काय करू ते लिही. रागाव पण लिही.

तुझी,
तैमी

---

डेट्रॉइट नदी,
२१ मे १९८३

चि. तैमीस,
अनेक आशीर्वाद.

रागावले नाही. पातेली जरा जोरात आपटली, इंजिनिअर घाबरून मुकाट्याने जेवून गेला. बस.

एक. त्या तेलकट माणसाला दार उघडायचं नाही. दादाची सही कशावरही घ्यायची नाही. साठ डॉलर गेले, ते शिकवणीचे समज. तो कागद मात्र जपून ठेव, वकिलाला दाखव.

दोन. वकील पाहिजेच. आणि तो तिथलाच पाहिजे. टीव्हीवर ओरडतात ते क्लीव्हलँडचे वकील नकोत. त्यांना आपलं कोर्ट कुठल्या गल्लीत आहे तेही माहीत नसतं, ते ऐनवेळी तिसऱ्याच पोराला पाठवतात. आपला दावा जेफर्सन गावच्या कोर्टात आहे. तुमच्या बेकरीची गाडी तिथल्या हॉटेलात पाव टाकते ना? तिच्यात बसून जा.

वकील कसा शोधायचा ते मला कुणी शिकवलं नाही, पण नव्या बंदरात चांगलं जेवण कसं शोधायचं ते येतं. पाटी बघायची नाही, धक्क्यावरची माणसं कुठे शिरतात ते बघायचं. तशीच तू कारकुनाच्या खिडकीसमोर बाकावर बस. सकाळभर बस. कोण मोठ्याने हसतो ते बघू नकोस. कारकून कुणाला मागायच्या आधी कागद काढून देतो, ते बघ. रोज येणारा, कागद वेळेवर देणारा माणूस कारकुनाइतका कुणालाच कळत नाही.

मग त्याला तीन गोष्टी विचार. घराचे असे दावे इथे किती लढलात. एकूण फी किती, त्यात काय काय येतं, आणि ते लिहून द्याल का. आणि कोर्टात स्वतः उभे राहाल का. दिवस किती उरले तेही त्यालाच मोजू दे, तू मोजू नकोस.

बाकावर बसायला बोलावं लागत नाही, म्हणून तुला हे काम जमेल. पुढचं त्या वेळी बघ.

दुसरं कर्ज कशाचं, ते दादाला आत्ता विचारू नकोस. मलाही नको.

माया कमी होत नसते, काळजीने घट्टच होते.

लेम्पीआत्या

---

ॲश्टाब्युला हार्बर,
शुक्रवार, २७ मे १९८३

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

वकील मिळाली. बाई आहेत. आणि दिवस संपत आलेत.

बुधवारी आणि काल, दोन सकाळी मी बाकावर बसले. काकूंना दातदुखी सांगितली, हे अजून एक खोटं. एक मोठा गृहस्थ होता, सोन्याचं घड्याळ, जो येईल त्याच्या खांद्यावर हात टाकायचा. त्याला कारकूनबाईंनी वीस मिनिटं उभं ठेवलं आणि मधे पेन्सिलीला टोक काढत बसल्या. मग एक किडकिडीत बाई आल्या, पायात रबरी बूट, हातात छत्री, पाऊस नसताना. त्या खिडकीपाशी पोचायच्या आधीच कारकूनबाईंनी फाइल सरकवली, वर विचारलं की गुडघा कसा आहे. दुसऱ्या दिवशी पण तसंच. क्लारा पाल्मिएरी त्यांचं नाव.

मला काही बोलता येणार नव्हतं, ते मला माहीत होतं. म्हणून मी सगळं रात्रीच चिठ्ठीत लिहून नेलं होतं, तुझे तीन प्रश्नसुद्धा. त्या बाहेर पायरीवर अंड्याचं सँडविच खात होत्या. मी समोर जाऊन चिठ्ठी पुढे केली आणि उभी राहिले. आत्या, त्यांनी ती वाचली, डबा उचलून मांडीवर घेतला आणि मला बसायला जागा केली. बोल म्हणून म्हणाल्याच नाहीत. चिठ्ठीवर बोट ठेवून एकेका ओळीचं उत्तर दिलं, जसं काही सगळेच लोक चिठ्ठी आणतात.

घराचे दावे चाळीसेक लढले. जिंकले त्यापेक्षा हरले जास्त, पण न्यायाधीशाने ऐकलंच नाही असा एकही नाही. फी साडेतीनशे, बँकेशी बोलणी धरून, आणि ते लिहून देतात. उभ्या त्याच राहतात, कारण ऑफिसात दुसरं कुणी नाही, एक मांजर आहे. फुकट करत नाहीत. फुकटच्या वकिलाला माणूस प्रश्न विचारायला लाजतो, आणि तू आधीच लाजतेस, असं म्हणाल्या. मी कॉफीच्या डब्यातले उरलेले ऐंशी पुढे केले. त्यांनी पंच्याहत्तर घेतले, पाच परत दिले, जाताना बसभाड्याला. आणि मी न मागता पावती लिहून दिली. पावती बघून मला रडायला आलं. त्यांना वाटलं, पैसे गेले म्हणून.

मग त्यांनी क्रीम सूटवाल्याचा कागद बघितला. ती सही झाली असती तर घर त्याच्या नावावर गेलं असतं आणि कर्ज बाबांच्या नावावर राहिलं असतं. मी ती सही घेणार होते, आत्या. शंभर टक्के घेणार होते. तुझं पत्र एक दिवस उशिरा आलं असतं तरी.

आणि दिवस. त्यांनी विचारलं, पाकीट फोडलंस कधी ते सोड, हिरव्या पोचपावतीवर सही कधी केलीस. तीन मे. अठ्ठावीस दिवस तिथून. म्हणजे मंगळवार, एकतीस. मधे शनिवार, रविवार, आणि सोमवारी स्मृतिदिनाची सुट्टी. मी पाकीट बंद ठेवलं आणि मला वाटलं दिवस पण बंद आहेत.

घर बाबांचं, दावा बाबांवर. वकीलपत्रावर सही बाबांची पाहिजे. मंगळवारी सकाळी दहाला आणलीस तर मी म्हणणं देते, नाहीतर माझे हात बांधलेले आहेत, असं म्हणाल्या.

वकिलीणबाईंना चिठ्ठी दिली तशी बाबांना पण देता येईल. लिहिली, चार वेळा. पण बाबा टपाल उघडत नाहीत. मी देईन, ते म्हणतील, पावाच्या डब्यात टाक.

हे पत्र तुला मंगळवारच्या आधी मिळणार नाही, तरी लिहिते. लिहिलं की जरा श्वास येतो.

तुझी,
तैमी

---

सुपीरिअर सरोवर,
२७ मे १९८३

चि. तैमीस,
आशीर्वाद. आज मी आशीर्वाद द्यावा की नाही तेच कळत नाही.

सोबत दोनशेची मनिऑर्डर आहे, वकिलासाठी. ही मदत आहे असं समजू नकोस.

दुसरं कर्ज माझं आहे. ब्रिज स्ट्रीटवर माझं हॉटेल होतं, तुला आठवत असेल, तू उंच स्टुलावर बसून दालचिनीचे पाव खायचीस. ते बुडायला लागलं तेव्हा दादानं घर दुसऱ्यांदा गहाण टाकून मला सहा हजार आणून दिले. मी मागितले नव्हते. नको पण म्हटलं नाही. त्याने ते पाकीट गल्ल्यावर ठेवलं, कॉफी प्यायला आणि गेला. हॉटेल आठ महिन्यांत तरीही बुडालं. मी जहाज धरलं, पहिलं वर्ष पैसे पाठवले, मग दादा पडला, तू शाळा सोडलीस, आणि मला तोंड दाखवायला लाज वाटायला लागली. लाज वाटली म्हणून पत्र लिहिणं कमी केलं, आणि पत्र नाही तर नुसते पैसे कसे पाठवायचे म्हणून पैसे पण थांबले. असं म्हणतानाच कळतं की किती खोटं आहे हे.

तुमच्या धक्क्याला जहाज लागत नाही असं लिहिलं होतं. एप्रिलात एकदा लागलं होतं. मी भटारखान्यातून बाहेर आले नाही. तिथून आपल्या सौन्याचं, त्या वाफेच्या न्हाणीघराचं, धुराडं दिसतं. धूर निघत होता. शनिवार होता.

तू एक पाकीट दोन आठवडे लपवलंस. मी हे चार वर्षं लपवलंय. तेव्हा तुझं ओझं जरा खाली ठेव.

पुढे काय लिहू.

लेम्पी

---

ॲश्टाब्युला हार्बर,
बुधवार, १ जून १९८३

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी शनिवारचं सांगते.

बाबांनी नेहमीसारखा दुपारी सौना पेटवला. पाठीमुळे लाकडं मीच फोडते, पेटवतात मात्र तेच. मी आधी आंघोळ करून आले, मग ते आत गेले. मी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या खुंट्यांखाली बाकावर बसून राहिले. मधे फळ्यांचं दार. मला ते दिसत नाहीत, त्यांना मी दिसत नाही. आई होती तेव्हा म्हणायची, सौन्यात आवाज चढवायचा नाही आणि खोटं बोलायचं नाही, देवळासारखं वागायचं. मग मला वाटलं, दाराच्या या बाजूला पण तेच लागू असेल.

मी दाराकडे बघून बोलले. पोस्टमन, पिठाचं पिंप, कोर्ट. बोलून थांबले. आत तापलेल्या दगडांवर पाणी पडलं आणि चर्र झालं. मी साठ डॉलरचं सांगितलं. परत चर्र. वकिलीणबाईंचं सांगितलं, मंगळवारचं सांगितलं. चर्र. इतकं मी एका दमात जन्मात बोलले नव्हते. मग थांबता येईना, म्हणून तेही सांगितलं जे तुलाही कधी सांगितलं नाही. मी शाळा बाबांसाठी नाही सोडली. दहावीत सगळ्यांसमोर उभं राहून भाषण करायचं होतं, त्याच आठवड्यात बाबा पडले, आणि दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसले असताना मला बरं वाटलं. बाबा पडले आणि मला बरं वाटलं, आत्या. लोक मला गुणाची पोर म्हणतात तेव्हा तेच आठवतं.

या वेळी पाणी पडलंच नाही. खूप वेळ. मला वाटलं त्यांना काही झालं. मग ते आतून म्हणाले, तुझ्या बाकाखालची फळी उचल.

मी उचलली. खाली बँकेची पाकिटं होती. अकरा. वाफेने फुगलेली, एकही फोडलेलं नाही. पावाच्या डब्यातून ते बँकेची तेवढी उचलून तिथे नेऊन घालायचे. मी विचार केलाच नाही की डबा भरत का नाही. ते म्हणाले, माझ्यामुळे पोरीची शाळा गेली, आता घर पण जाणार हे तिला कसल्या तोंडाने सांगू. आम्ही दोघं एकाच घरात एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. मी पिठात, ते वाफेत.

मग त्यांनी दोनदा पाणी टाकलं आणि म्हणाले, जा, कॉफी ठेव, आणि तो कागद आण. सही टॉवेल गुंडाळून केली. कागद थोडा ओला झाला. वकिलीणबाईंनी मंगळवारी तो धरून बघितला आणि फाइलीत घातला. बाबा माझ्याबरोबर बेकरीच्या गाडीत आले होते, पाठ धरून, पावांच्या फळ्यांमधे. दहा वाजून वीस मिनिटांनी म्हणणं दाखल झालं. कारकूनबाईंनी शिक्का मारला. बाबा त्यांना थँक्यू म्हणाले, आणि बाहेर येऊन मला म्हणाले की त्या बाईंच्या खिडकीची झडप वाकडी आहे, तेल घातलं पाहिजे.

घर वाचलं असं नाही. वकिलीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. फक्त आता आम्हाला विचारल्याशिवाय विकता येणार नाही.

तुझं पत्र आज आलं. खरं सांगू का, वाचून मला तुझा राग आला. मोरीवरचं कार्ड काढून ठेवलं. संध्याकाळी परत लावलं, पण राग आला होता हे लपवायचं नाही असं ठरवलं. मग पत्र बाबांना दिलं. त्यांनी वाचलं, त्यांनी पत्र वाचलं, आत्या! घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं. नंतर खिसा दोनदा चाचपला.

मनिऑर्डर वकिलीणबाईंना दुपारीच पोचवली. पावती सोबत आहे. तू लिहीत राहा.

तुझी,
तैमी

---

ॲश्टाब्युला हार्बर,
रविवार, २१ ऑगस्ट १९८३

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

जूनपासून तुझ्या मनिऑर्डरी येतात, पत्र येत नाही. बादलीत चार ओळी टाकायला तुझे कोणते हात दुखतात?

गुरुवारी बँकेचा वकील आला होता, जेफर्सनला. आमच्या वकिलीणबाई दोन तास बसल्या. थकलेलं तीन वर्षांत वाटून फेडायचं, दावा तोवर थांबलेला राहील. एक हप्ता चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. बाबांनी विचारलं, चुकायच्या आधी बँक सांगेल ना. तेव्हा बाई म्हणाल्या, सांगेल, पत्राने. आणि आम्हा दोघांकडे एकेकदा बघितलं.

हप्त्यात तुझा वाटा आहे, माझा आहे, आणि बाबा करवतींना धार लावून देतात त्याचा आहे. वकिलीणबाईंचे पंच्याहत्तर राहिले होते, त्यातले पंचेचाळीस मी वेण्यांवर फेडले, तीस बाबांनी. त्यांच्या छत्रीची मूठ पण बाबांनीच बसवून दिली, ती हिशेबात धरली नाही.

क्रीम सूटवाला एकदा परत आला. दार बाबांनी उघडलं. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, बहुतेक काहीच नाही. तो आपणच गेला.

आणि काल पोस्टमन हिरवी पोचपावती घेऊन आला. मी सही केली, सरळ बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, बाबा, कोर्टाचं आलंय. ते म्हणाले, ओरडू नकोस, मी काय बहिरा आहे. मग आम्ही दोघांनी मिळून फोडलं. कराराची प्रत होती, बाकी काही नाही.

तुझ्याकडच्या मायेला पत्राशिवाय पत्ता नसतो, एवढं ध्यानात ठेव.

तैमी

---

जहाजावरून,
२ सप्टेंबर १९८३

चि. तैमीस,
अ. उ. आ.

मोठी झालीस, बोलायला लागलीस. बरं वाटलं आणि बोचलं पण.

सतराला आमचं जहाज तुमच्या धक्क्याला लागतंय. दुपारी तीनपासून नऊपर्यंत उभं आहे. मी वर घरी येणार नाही. दादासमोर काय बोलायचं ते मला सुचत नाही, चार वर्षं सुचलेलं नाही. तू धक्क्याच्या फाटकापाशी ये. या महिन्याचे पैसे आणि तुझ्यासाठी लोकरीची टोपी आहे, ती घेऊन जा. तुझं तोंड बघितलं की मला पुरे.

दादाला सांगू नकोस.

तुझी,
आत्या

---

ॲश्टाब्युला हार्बर,
७ सप्टेंबर

चि. लेम्पीस,
आशीर्वाद.

तैमीने तुझं पत्र दाखवलं. या घरात आता टपाल लपवत नाहीत.

मला लिहायची सवय नाही. ते पाकीट तुझ्या गल्ल्यावर मी ठेवलं, तू मागितलं नव्हतंस. बँकेत मी माझ्या पायांनी गेलो होतो. तेव्हा तो विषय संपला.

सतराला शनिवार आहे. मी चार वाजता सौना पेटवीन. बायकांची पाळी आधी असते हे तू विसरली नसशील. तुझा टॉवेल तिसऱ्या खुंटीवर आहे, होता तिथेच. तैमी पुल्ला करते आहे.

काय बोलायचं सुचत नाही असं लिहिलंस. तू आत बस. मी दाराबाहेर बाकावर बसेन. सुचलं तर बोल. नाही सुचलं तर नुसतं पाणी टाक. मला कळेल.

तुझा दादा,
ओन्नी